न खरवडलेली जीभ

"फर्स्ट टंग, देन टॉक," असं म्हणून बाई आधी स्वतःचीच जीभ बाहेर काढून दाखवत. सत्तरी ओलांडलेल्या, गंभीर चेहऱ्याच्या बाईने अशी जीभ काढल्यावर नव्या पेशंटला हसू आवरत नसे. बाईंना त्याचं काही नव्हतं.

व्हँकुव्हरला आमच्या घराजवळ, भाजीच्या दुकानाला लागून या चिनी वैद्यबाईंचा दवाखाना होता. दोन हजार सोळा-सतराची गोष्ट. आमचे हे रिटायर्ड इंजिनिअर. चढ चढताना छातीत दुखायचं, फॅमिली डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली होती आणि ह्यांचा एकच हेका, चिरफाड नको. म्हणून बाईंकडे आलो.

पहिल्या दिवशी ह्यांनी मोठ्या ऐटीत जीभ काढली, तर बाई वैतागल्या. पाटी पुसून आणलीत, आता मी वाचू काय, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला ठाऊकच आहे, आपण मराठी माणसं जीभ खरवडल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही. बाईंना तर जिभेवरचा थरच बघायचा होता. दुसऱ्या दिवशी हे जीभ न घासता निघाले आणि वाटेत ओळखीचे भेटले तरी तोंड उघडेनात.

या खेपेला जिभेवर जाड पांढरा थर होता आणि कडा जांभळट. मग नाडी बघायला बाईंनी तीन बोटं मनगटावर ठेवली, आधी एका हाताच्या, मग दुसऱ्या. हृदयाचं दुखणं नावाने एक, पण कारणं निराळी, असं त्या सांगत. कुणाचं थंडीने, कुणाचं कफाने, कुणाचं रक्त साकळून, तर कुणाचं नुसत्या अशक्तपणाने. तो ‘पॅटर्न’ ओळखायचा आणि माणसागणिक काढा बदलायचा. आपल्या वात-पित्त-कफाचे चुलतभाऊ भेटले म्हणून हे खूश.

मग बाईंनी विचारलं, बसल्या जागीही दुखतं का? ह्यांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. मला घरात हे कधी कळलंच नव्हतं.

"पॅटर्न आय नो," बाई म्हणाल्या. "बट टुडे नो हर्ब्ज. टुडे हॉस्पिटल."

"देन व्हाय डिड आय कम टू यू?" हे चिडले.

"सो आय कॅन सेंड यू."

बाईंनी फोन करून अँब्युलन्स बोलावली, दवाखान्याला कुलूप लावलं आणि संध्याकाळपर्यंत इमर्जन्सीत माझ्या शेजारी बसून राहिल्या. बायपास झाली. हे वाचले.

पुढे काढा देण्याआधी बाई दर वेळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घेत, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर काही औषधी मुळ्या चालत नाहीत. कित्येकदा काढा मिळायचाच नाही, नुसती नाडी बघून परत. तरी हे निवांत होऊन घरी यायचे. मला त्या बाईंचा फार लळा लागला होता.

मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या मुलीकडे ओटावाला गेल्या.

त्यानंतरच्या चेकअपला तरुण डॉक्टरांनी स्क्रीनवर रिपोर्ट पाहिला, सगळं छान आहे म्हणाले आणि उठले. ह्यांचा हात मात्र टेबलावर तसाच, तळवा वर करून. डॉक्टरांना काही कळेना. मी तो हात उचलला आणि माझ्या हातात धरून बसले.