साखळी प्रार्थनेत माझा नंबर

"मावशी, उद्या आईला पांढरी साडी नेसवा. स्टेजवर चांगलं दिसलं पाहिजे," दानिएलभाऊ म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले.

मी आजींना कुशीवर धरलं होतं. ड्रेसिंग पुन्हा ओलं झालं होतं आणि वास येत होता.

पेशंट सांभाळणं हे माझं काम. नर्सिंग ब्युरोवाल्या मॅडम ज्या घरचा पत्ता देतात, तिथं जायचं. अंग पुसायचं, डायपर बदलायचा, चमच्यानं भरवायचं. सगळ्यात मोठं काम म्हणजे पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर करत राहायचं. पडून असलेलं माणूस एकाच अंगावर राहिलं की हाडावरची कातडी दबते, काळी पडते, मग फाटते. त्याला बेडसोर म्हणतात. मी छावणी भागातल्या या घरी आले तेव्हाच आजींच्या माकडहाडावर बेडसोर होता. हवेची गादी आणलेली होती, पण तिची मोटर आवाज करते म्हणून बंद ठेवलेली. मी चालू केली. तरी जखम आतून पोखरत गेली होती.

डॉक्टर माझ्यासमोर भाऊंना म्हणाले होते, "हे घरी जमणार नाही. ॲडमिट करा. सडलेलं काढावं लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल."

भाऊ "हो, हो" म्हणाले. डॉक्टर पुन्हा आले, पुन्हा तेच बोलले. भाऊ पुन्हा "हो, हो" म्हणाले.

आजी म्हणजे भाऊंची आई. एके काळच्या बायबलबाई. खेड्यापाड्यांत पायी फिरून बायकांना देवाचं वचन सांगायच्या. लकवा झाला आणि बोलणंच गेलं. भाऊ ख्रिस्ती प्रचारक आहेत. चिकलठाण्याकडच्या एका मैदानावर त्यांच्या सभा होत्या. आईला स्टेजवर आणून सगळ्यांसमोर प्रार्थनेनं बरं करणार, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. बॅनरवर आजींचा फोटोही होता. ॲडमिट केलं असतं तर स्टेजवर कोण येणार होतं?

ते आत आल्यावर मी कसंबसं म्हणाले, "भाऊ, आजींना ताप हाय. डॉक्टर म्हणले व्हते..."

"डॉक्टर त्याचं काम करतो, मावशी. मला प्रभूनं सांगितलंय. हे माझं पाचारण आहे."

पाचारण म्हणजे देवानं माणसाला बोलावून त्याचं काम त्याच्या हाती देणं. आम्हा ख्रिस्ती लोकांत हा शब्द फार मोठा. "प्रभूनं मला सांगितलं" असं कुणी म्हटलं की पुढचा माणूस गप्प. वाद घालावा तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतं.

"आणि तुमचं पाचारण काय, माहितेय का?"

"नाय."

"बायबलात लढाईच्या वेळी मोशेचे देवाकडे वर केलेले हात दुखले तेव्हा दोघांनी ते धरून ठेवले ना? तसं. देवाच्या सेवकाचे हात धरायचे. उद्या फक्त आईला नीट खुर्चीत बसवा."

खुर्चीत! म्हणजे बरोबर त्या जखमेवर. मी ओलं ड्रेसिंग बदलायला घेतलं. मला चार माणसांत बोलता येत नाही. पण आतून मी तापले होते.

मुकुंदवाडीला घरी येताना रिक्षात मी देवाशी भांडले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगतात, देव प्रत्येकाला बोलावतो. मी वर्षानुवर्षं वाट बघितली. कधी हाक आली नाही. मला वाटायचं, चौथी शिकलेल्या बाईला तो कशाला बोलावील? त्या संध्याकाळी मी साबणानं हात धुतले, लिंबानं चोळले, भाकरी थापायला बसले. हाताचा वास गेला नव्हता. तवा तापला तशी मला एकदम चीड आली. देवाची नव्हे, माझी. त्यानं आणखी कसं बोलवायचं? ज्या जखमेचा वास माझ्या हाताला येतो, ती माझ्याच हाती दिलेली आहे. स्टेज भाऊंना दिलंय की नाही ते त्यांचं ते बघतील.

दुसऱ्या दिवशी जालन्याहून आजींची मुलगी, एस्तेरताई, सभेसाठी आली. ती चादर काढायला गेली तर भाऊ म्हणाले, "झोपू दे तिला." मला ताईला बाजूला घेऊन सांगायचं होतं. भाऊ तिथून हललेच नाहीत.

निघायच्या आधी पलंगाभोवती साखळी प्रार्थना झाली. सगळ्यांनी हात धरायचे, डोळे मिटायचे, एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. ज्याची झाली किंवा ज्याला करायचीच नसेल त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, की नंबर पुढं जातो. मी जन्मभर हात दाबत आले. साखळीचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या प्रार्थनेत बोलायचं नाही.

भाऊंनी लांबलचक प्रार्थना केली. मग सभेत गाणाऱ्या दोन पोरींनी. मग ताईनं रडत रडत, "आईला उठव" म्हणून. मग तिनं माझा हात दाबला.

मी पुढं दाबला नाही.

"प्रभू," मी म्हणाले. आवाज फाटला. "मी सुमन. आजींच्या माकडहाडावर भोक पडलंय. आत हाड दिसतंय. डॉक्टरांनी ॲडमिट करा म्हणून दोनदा सांगितलं. भाऊंनी केलं नाय, कारण आज स्टेजवर न्यायचंय..."

"आमेन!" भाऊ जोरात म्हणाले. "आमेन, आमेन!"

"प्रभू, भाऊंना सांग, माझं अजून झालं नाय. आजींना ताप हाय. खुर्चीत बसवलं तर त्या जखमेवरच बसतील. त्यांना दुखतंय म्हणता येत नाय. मला येतं, म्हणून मी म्हणते. दुखतंय. लई दुखतंय. आणि मला लई राग आलाय, प्रभू. आता आमेन."

डोळे उघडले तेव्हा ताईनं चादर काढलेली होती. तिनं आईला कुशीवर केलं. मी ड्रेसिंग उचललं. एक पोरगी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली.

"दादा, हे काय आहे?"

"एस्तेर, विश्वास ठेव. आज आई..."

"तुझा विश्वास तुझ्या पाठीवर ठेव. गाडी काढ."

"मैदानावर लोक येऊन बसलेत!"

"बसू दे. त्यांना बसता येतं. आईला येत नाही."

वाद्यं नेण्यासाठी आलेल्या व्हॅनमधून आम्ही आजींना दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर मी त्यांना कुशीवर धरून बसले. डॉक्टरांनी त्याच दिवशी जखम साफ केली. ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. नंतर ताईनं आईला जालन्याला नेलं. तिचा फोन येतो. जखम हळूहळू भरतेय म्हणते.

भाऊ त्या संध्याकाळी सभेला गेलेच. तिथं त्यांनी स्टेजवरून साक्ष दिली, की आज प्रार्थनेत प्रभूनं त्यांना आईला ॲडमिट करायला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या गाणाऱ्या पोरींनी सांगितलं.

भाऊंनी ब्युरोत तक्रारही केली. मॅडम म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्हाला पेशंट सांभाळायला पाठवलं होतं. प्रार्थना करायला नाही."

"पेशंटच सांभाळला, मॅडम."

त्यांनी वही उघडून दुसऱ्या घरचा पत्ता दिला.

पाळकसाहेब म्हणतात, भाऊंना क्षमा कर. करीन. अजून झाली नाही. तोवर एवढं कळलंय: प्रभूनं मला सांगितलं, असं कुणी म्हणालं तर मान डोलवायच्या आधी पेशंटला कुशीवर करून पाठ बघायची.