चादरीखालची खुर्ची

पासपोर्ट ऑफिससमोरचा रस्ता ओलांडला की फोटोकाकांचं दुकान. दुकान म्हणजे तरी काय, एक काउंटर, दोन दिवे, एक गोल स्टूल आणि भिंतीवर ताणलेला पांढरा पडदा. समोरून परत पाठवलेली माणसं तोंड पाडून यायची आणि काका त्यांना स्टुलावर बसवायचे. चष्म्यावर चमक आली, कान झाकले गेले, दात दिसले, मान कलली, अशी फोटो नापास व्हायची सगळी कारणं त्यांना तोंडपाठ होती. बावीस वर्षांत आपला एकही फोटो परत आला नाही, हे ते ज्याला त्याला ऐकवत. आणि फोटो पाकिटात भरताना प्रत्येक आईबापाला फुकटचा सल्ला देत, "लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो बरं का. तारखेवर लक्ष ठेवा."

आता अशा माणसाच्याच घरात घोडं अडावं, याला काय म्हणायचं?

काकांची मुलगी आणि जावई दोघंही परदेशात एका हॉस्पिटलात नर्स. ते गेले तेव्हा त्यांची लेक दोन वर्षांची होती. सहा महिन्यांत जागा बघतो आणि तिला नेतो, असं सांगून गेले. त्या सहा महिन्यांची साडेतीन वर्षं झाली. कधी जागा मिळेना, कधी दोघांच्या पाळ्या जुळेनात. मधेच काकू गेल्या, आणि जन्मात स्वतःचा चहा न केलेला माणूस नातीच्या वेण्या घालायला शिकला. पहिले काही महिने एक वेणी कानावर तर दुसरी मानेवर यायची. नात एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

आणि या वर्षी एकदाचं सगळं जुळून आलं. खिडकीजवळ छोटा पलंग मावेल अशी जागा मिळाली. शाळेत नाव घातलं गेलं. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मुलीने मिनतवारी करून रजा मिळवली. ती हुकली तर शाळाही गेली आणि पुढची रजा थेट वर्षाने. शेजारच्या शिक्षिकाबाई आपल्या मुलाकडे त्याच गावी निघाल्या होत्या, त्या भिंगरीला सोबत नेणार होत्या. निघायला वीस दिवस असताना बाई तिचा पासपोर्ट बघायला आल्या. काकांनी तो कपाटातून काढून रुबाबात पुढे केला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "काका, हा अजून दोनच महिने चालणार. तिकडे उतरताना सहा महिने शिल्लक लागतात."

"काहीतरीच. मी परवाच बघितलाय."

"मग बघितलंत काय?"

काकांकडे उत्तर होतं, पण ते बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांनी तारीख दोनदा वाचून बघितली. पण त्यापाठोपाठ जे झालं त्याची त्यांना नंतर कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. त्यांचा जीव भांड्यात पडला. पोर जात नाही. उद्या सकाळी ती इथेच उठणार, इथेच दुधाला नाक मुरडणार. नवा पासपोर्ट नेहमीच्या रांगेतून काढायचा तर दीड महिना कुठे गेला नाही. घाईच्या अर्जाची वेगळी खिडकी होती, ती कुठे आहे हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण रांगेत उभं राहायला काही पाप लागत नाही. दोष ऑफिसचा म्हणता आला असता, आणि ऑफिसवर कुणीही विश्वास ठेवला असता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने फोन फिरवून फिरवून पलंग दाखवला, त्यावरची पिवळी उशी दाखवली, न्हाणीघरात नेऊन तीन ब्रशांमधला छोटा ब्रशही दाखवला. भिंगरी फोनमध्ये नाक घालून बघत होती.

"बाबा, सगळे कागद नीट आहेत ना?"

"आहेत," काका म्हणाले. "थोडं काम राहिलंय."

दोन दिवस त्यांच्या तोंडाला कुलूप होतं. रस्ता ओलांडायचा म्हटला की काहीतरी निघायचं, कधी गिऱ्हाईक, कधी दिव्याची वायर. तिसऱ्या दिवशी एक बाई सात महिन्यांचं बाळ घेऊन आली.

एवढ्या लहान बाळांचा फोटो काढायची एक रीत असते. बाळाला नीट बसता येत नाही, एका जागी ठरता येत नाही, आणि फोटोत तर दुसरं कुणी दिसता कामा नये. मग आई स्टुलावर बसते, तिच्यावर डोक्यापासून पांढरी चादर घालतात आणि बाळाला तिच्या मांडीवर ठेवतात. ती चादरीतूनच त्याला धरते. फोटोत बाळामागे नुसतं पांढरं दिसतं. काका याला आईची खुर्ची करणं म्हणत.

काकांनी चादर घातली. बाळ कुरकुरलं, आणि चादरीखालून आई हळू आवाजात त्याला काहीतरी सांगू लागली. मग विचारलं, "मी दिसत नाही ना, काका?"

काकांचं बोट बटणावर तसंच राहिलं.

पाच वर्षांपूर्वी याच स्टुलावर, याच चादरीखालून त्यांच्या मुलीने हेच विचारलं होतं. "बाबा, मी दिसत नाही ना?" आणि काका ऐटीत म्हणाले होते, "अजिबात नाही. बाप कोण आहे तुझा?" भिंगरीच्या पासपोर्टात तोच फोटो होता. मुलगी परदेशी गेल्यापासून तिची आठवण अनावर झाली की काका कपाट उघडत, पासपोर्ट काढत आणि तो फोटो बघत बसत. बाळाकडे बघत नसत; बाळ तर घरभर भिरभिरत होतं. ते बघत बाळामागचं पांढरं. त्यात एके ठिकाणी, डाव्या खांद्यापाशी, चादरीला बारीक चुणी पडली होती. तिथे मुलीचा अंगठा होता. त्या चुणीवरून नजर खालच्या तारखेपर्यंत कधी गेलीच नाही.

बाळाचे फोटो देऊन काकांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मुलीला फोन लावला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. घाईच्या अर्जाला आईबापाच्या सहीचं पत्र लागेल, तेही सांगितलं. "आणि खरं सांगू? कळलं तेव्हा मला बरं वाटलं. दोन दिवस मी मुद्दाम गेलो नाही."



"मला माहितीये, बाबा," ती म्हणाली. "तुमचं 'थोडं काम' मी ओळखते. पत्र तासाभरात पाठवते. पण आज जा. मी रोज तो पलंग झटकते हो. कुणी झोपत नाही, तरी झटकते."

काका त्याच दुपारी गेले. आधी भिंगरीला स्टुलावर बसवलं. आता तिला कुणी धरायची गरज नव्हती, पाय मात्र जमिनीला टेकत नव्हते. काकांनी घाईघाईने फोटो काढला, कापला आणि खिडकीत नेऊन दिला. कारकुनाने तो बघितला, परत बघितला आणि अवघडून म्हणाला, "काका, तुमचा फोटो परत करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण दात दिसतायत."

खरंच दिसत होते. पुढच्या दोन दातांत फट होती, थेट आईसारखी, आणि काका तीच बघत राहिले होते. बावीस वर्षांच्या कीर्तीवर असं पाणी पडलं. ते निमूट परत आले आणि भिंगरीला म्हणाले, "आता हसायचं नाही." त्यावर ती आणखी हसली. सातव्या खेपेला जमलं.

नवा पासपोर्ट निघायच्या चार दिवस आधी हातात आला. जुन्याचा कोपरा कापून तोही परत दिला. काका तो शर्टाच्या खिशात ठेवणार, एवढ्यात कारकून म्हणाला, "दोन्ही बरोबर द्या हां. तिकडच्या कागदांवर जुना नंबर आहे." काकांनी मान हलवली. घरी येऊन दोन्ही पासपोर्ट एकाच पाकिटात घातले आणि पाकीट शिक्षिकाबाईंच्या हवाली केलं.

विमानतळावर भिंगरीने बाईंचं बोट धरलं आणि दोनदा मागे बघितलं. काकांना तिसऱ्यांदाची आशा होती.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. भिंगरी पिवळ्या उशीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. मुलीच्या हातात जुना पासपोर्ट होता.

"बाबा, हिने सांगितलं, आजोबा हा फोटो रोज बघतात म्हणून. याच्यामागे मी आहे ना?"

"हो."

"पण मी तर दिसत नाही."

"दिसतेस," काका म्हणाले. "डाव्या खांद्यापाशी बघ."

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. मग फोनवर बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं. नंतर तिचा आवाज आला. "बाबा, तुमचा पासपोर्ट कुठे आहे?"

"माझा कुठला? काढलाच नाही कधी."

"अर्ध्या गावाचे फोटो काढले तुम्ही. उद्या स्वतःचा काढा. दात दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं, गिऱ्हाईक यायच्या आत कॅमेरा आपोआप चालेल असा लावला आणि पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर जाऊन बसले. मान सरळ, कान मोकळे, तोंड मिटलेलं. डोळे स्वच्छ दिसायला हवेत, ओले चालत नाहीत, हाही नियम त्यांना पाठ होता. पहिले चार फोटो त्यांनी स्वतःच नापास केले.