रामा रंगाचे तीन लॉट

ओवी आणि ईशान, सुरतेच्या एका मिलमध्ये मी एका चांगल्या माणसाची नोकरी जवळजवळ घालवली होती. हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही. आता सांगते, कारण ओवी, पुढच्या महिन्यात तू नव्या शहरात, नव्या नोकरीवर, नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहेस. परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, तू एकसष्टाव्या वर्षी एकटी सुरतेला गेलीस, तेव्हा पहिले दिवस कसे गेले?" मी "छान गेले" म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं. ईशान, तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं छोटी ठेवते.

शेठच्या केबिनमधल्या एका शुक्रवारपासून सुरुवात करते. टेबलावर कापडाचे दोन तुकडे होते. दोन्ही रामा रंगाचे. रामा म्हणजे मोरपिशी आणि हिरवा यांच्या मधला, साड्यांच्या बाजारातला लाडका रंग. एक तुकडा माझ्या लॅबमधला, लखलखीत. दुसरा मशीनमधून आलेला, त्याच रंगाचा पण मळकट, जणू कोणी त्यावर पाय पुसले होते.

"बेन, ये तीसरा लॉट है," शेठ म्हणाले. "पार्टी माल वापस भेज रही है. आप बोलो, गलती लॅब की है या मास्टर की?"

मास्टर म्हणजे समोरच उभे असलेले डाइंग मास्टर, रघुनाथ महाजन. मूळचे अमळनेरकडचे. त्या मिलमध्ये एकोणीस वर्षं रंगाई त्यांच्या हाताखाली चालली होती. वय चोपन्न. शेड बिघडवतो म्हणून काढलेल्या चोपन्न वर्षांच्या मास्तरला दुसरी मिल घेत नाही, हे केबिनमधल्या तिघांनाही माहीत होतं.

मी रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "लॅबचं सगळं बरोबर आहे."

महाजन माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुमचा रंग वाटीतच चांगला दिसतो. कापड मात्र आम्हाले मशीनमध्ये रंगवावं लागतं."

शेठनी सांगितलं, सोमवारी दुसरा मास्तर भेटायला येतोय.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. चौतीस वर्षं मी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये रंग बनवले. ड्रममध्ये भरले, लेबल लावलं, पाठवले. ते रंग कापडावर चढताना मात्र कधी पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर कडोदऱ्याजवळच्या या मिलमध्ये लॅब इन्चार्ज हवी असल्याचं कळलं. तुमची आई म्हणाली, "आई, या वयात?" मला एवढंच बघायचं होतं की माझ्या ड्रममधल्या पावडरचं पुढे काय होतं. मिलपासून रिक्षाने वीस मिनिटांवर चौथ्या मजल्यावर वन बीएचके मिळाला. शेजारी कोकिलाबेन. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्लॅटची सगळी माहिती गुजरातीत भराभर सांगितली. मी अर्धी समजले आणि पूर्ण मान डोलावली.

लॅबचं काम असं. ग्राहक रंगाचा नमुना देतो. त्यावरून आम्ही पाच ग्रॅम कापड स्टीलच्या छोट्या भांड्यात रंगवून बघतो. त्याला लॅब-डिप म्हणतात. नमुन्याशी जुळलं, की तीच रेसिपी, म्हणजे कोणता रंग किती टक्के, मीठ-सोडा किती, तापमान किती, मशीनवर जाते आणि शेकडो किलो कापड रंगतं. त्याला बल्क म्हणतात. डिप आणि बल्क सारखे यायलाच हवेत. माझे येत नव्हते.

केबिनमधून परत आले आणि मी मागच्या चार महिन्यांचे लॉट कागदावर मांडले. मशीन कोणतं, पाळी कोणती, कामगार कोण. काहीच जुळेना. मग सहज एक रकाना वाढवला: रेसिपी कोणी काढली? माझ्या आधीच्या इन्चार्जच्या जुन्या रेसिपीवरचे लॉट आजही बरोबर येत होते. तेच मास्तर, तेच मशीन. बिघडत होते ते फक्त मी काढलेल्या रेसिपीचे, त्यातही सगळ्यात जास्त रामा.

म्हणजे मिलमध्ये बदललेली गोष्ट एकच होती. मी.

वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला भयंकर उत्सुकता वाटली. असं मी काय करत होते? वजनकाटा तपासला. थर्मामीटर तपासला. रंगाचे डबे बदलून पाहिले. शनिवारी महाजनांना खाली जाऊन विचारलं, "तुमचं पाणी कसं आहे?" ते म्हणाले, "जे तुमच्या लॅबच्या नळाला येतं तेच. एकच लाइन आहे." मशीनजवळचा एक कामगार हसत म्हणाला, "मास्तर, मॅडम तुमची परीक्षा घेऊ ऱ्हायल्या." महाजन म्हणाले, "घेऊ दे. निकाल सोमवारी आहे."

रविवारी मी उशिरा उठले. आमच्या सोसायटीत पिण्याचं पाणी सकाळी तासभरच यायचं. ते भरायचं राहिलं. ओट्यावर दुसरा नळ होता, त्याचं पाणी घेऊन मी वरणाचा कुकर लावला. पाच शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं तर तुरीची डाळ जशीच्या तशी, खड्यासारखी. आणखी चार शिट्ट्या दिल्या. तरी तेच.

शिट्ट्या ऐकून कोकिलाबेन दारात आल्या. कुकरात डोकावल्या आणि कपाळाला हात लावला. "बोरना पाणीमां दाळ नहीं चडे, बेन! पहले दिन तो बोला था!"

बोअरचं पाणी जड असतं. त्यात चुन्याचे क्षार असतात आणि डाळ त्यात शिजत नाही. रंगही त्यात मळतो, आणि रामात पडणारा निळा रंग सगळ्यात आधी. हे मी एम.एस्सी.ला शिकले होते, कारखान्यात तीसेक नव्या मुलांना शिकवलंही होतं. आणि माझ्या रजिस्टरमध्ये वजन होतं, वेळ होती, तापमान होतं. पाणी नव्हतं. मी ते धरूनच चालले होते.

डाळ कोकिलाबेननी त्यांच्या पाण्यात शिजवून दिली. मी रिक्षा करून मिलमध्ये गेले. लॅबमध्ये नळ होता, पण कामाचं पाणी मी त्यातून कधी घेतलंच नव्हतं. टेबलावर तोटीचं एक स्टीलचं पिंप असायचं, रोज सकाळी भरलेलं. ते कुठून येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. एकच रेसिपी दोन भांड्यांत लावली. एकात पिंपाचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दीड तासाने दोन्ही तुकडे धुऊन वाळवले. पिंपाच्या पाण्यातला लखलखीत होता, नळाच्या पाण्यातला मळकट. केबिनमधलीच जोडी पुन्हा माझ्या हातात होती.

सोमवारी सकाळी लॅबची मदतनीस शोभाताई आली. कोसाडहून दोन रिक्षा बदलून येणारी, पन्नाशीची, नंदुरबारकडची बाई. मी विचारलं, "शोभाताई, हे पिंप तुम्ही कुठून भरता?"

"ऑफिसातल्या जारमधून."

जार म्हणजे साहेब लोकांसाठी विकत येणारं, क्षार काढलेलं पिण्याचं पाणी.

"आधीच्या साहेबांसाठीही तेच भरत होता?"

"ते नळनंच घेत." मग तिने ओढणीचं टोक हातात घेतलं. "तुम्ही पहिल्या दिवशी नळनं पानी तोंडात घेतलं अन थुंकलं. मले फार वाईट वाटनं. खारं पानी शे ते. एवढी मोठी बाई आपल्याकडे आली, तुमले ते कसं देवू?"

"पण शोभाताई, प्यायला वेगळं आणि कामाला वेगळं."

"मले काय माहीत, तुम्ही कोनतं पिता!" ती म्हणाली. मी पिंपातलंच पीत होते.

मशीनला आणि लॅबच्या नळाला जाणारं बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून जायचं. सॉफ्टनर म्हणजे पाण्यातले क्षार कमी करणारी टाकी. पण आमची टाकी जुनी होती, थोडा जडपणा उरायचा. आधीचा इन्चार्ज तेच पाणी वापरायचा, त्यामुळे त्याच्या रेसिपीत तो जडपणा आपोआप धरला जायचा. मी पाहुणचाराचं पाणी वापरून रेसिपी काढत होते आणि खाली महाजन रोजचं पाणी वापरून ती रंगवत होते.

अकरा वाजता केबिनमध्ये गेले. बाहेर बाकावर दुसरा मास्तर इस्त्रीच्या शर्टात चहा पीत बसला होता. महाजन आत उभे होते. मी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं.

शेठनी दोन्ही तुकडे उचलून उजेडात धरले. "एटले भूल शोभानी?"

"नाही. शोभाताईने पाणी आणलं. ते कुठलं आहे हे बघणं माझं काम होतं. चूक माझी आहे. आणि शुक्रवारी इथे बसून लॅबचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणाले, तेही चूक."

महाजनांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. शेठ म्हणाले, "अब बाहर वाले को क्या बोलूं? दो चाय पी चुका है."

"तिसरा पाजा अन गाडीत बसवून द्या," महाजन म्हणाले.

शेठ हसले. मी हसले नाही, कारण पगारवाढीचा माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. तो त्यांनी त्या वर्षी उचललाच नाही.

बिघडलेले तिन्ही लॉट काळ्यात गेले. मिलमध्ये असंच करतात, वाया गेलेल्या रंगावर काळा चढवतात. रामाची रेसिपी मी नळाच्या पाण्यात पुन्हा काढली. चौथा लॉट जुळला. महाजनांनी त्याचा तुकडा कापून वर पाठवला. सोबत निरोप होता: "मॅडमले सांगा, वाटीतला रंग मशीनमध्ये आला." सॉफ्टनर दुरुस्त व्हायला मात्र आणखी सात महिने आणि माझी अकरा पत्रं लागली. शोभाताई आठवडाभर माझ्याशी तुटक बोलली. तिच्या मते मी तिचं पाणी नाकारलं होतं.

ओवी, नव्या जागी लोक तुझं काही ना काही करून ठेवतील, तुला न सांगता, चांगल्या मनाने. त्यांचे आभार मान. मग ते काय आहे, कुठून आलं आहे, ते विचार. आणि आपलं सगळं बरोबर आहे असं वाटलं, तर जे आपण लिहूनच ठेवलं नाही ते आधी बघ.

मी ती नोकरी चार वर्षं केली आणि गेल्या दिवाळीत सोडली. महाजन अजून तिथेच डाइंग मास्टर आहेत. लॅबच्या रजिस्टरमध्ये तापमानाच्या शेजारी 'पाणी' असा एक रकाना आहे. तो शोभाताई रोज सकाळी भरते.