पाच किलोचं वजन

नळदुर्गच्या आठवडी बाजारात मापावरून भांडण लागलं की लोक पोलिसाला बोलवत नाहीत, प्रेमानंद मिस्तरींना बोलवतात. गिऱ्हाईक ओरडत असतं की मिरची कमी भरली, विकणारी म्हणत असते की तुझेच डोळे फुटलेत, आणि तेवढ्यात लुनाच्या मागं बांधलेली निळी पत्र्याची पेटी सोडवत मिस्तरी येतात. अठ्ठावन्न वर्षांचा, अंगानं काटकुळा, भुवया पांढऱ्या झालेला माणूस. ते कुणाची बाजू घेत नाहीत, कुणाला दटावत नाहीत. तराजू उचलतात, पेटीतली वजनं घालून बघतात आणि "सरळ हाय" किंवा "सरळ न्हाय" एवढंच म्हणतात. पुढं बोलायची कुणाची छाती होत नाही.

तराजू दुरुस्तीचा हा धंदा वडिलांचा. ज्ञानोबा सोलापूरला एका तराजूच्या कारखान्यात कामाला लागले, हात बसल्यावर परवाना काढून गावी परतले आणि लेकाला दोन गोष्टी शिकवून गेले. पहिली, काटा तीनदा बघायचा: आधी रिकामा, मग पुरता भरलेला, मग पारडी बदलून. दुसरी गोष्ट जरा जड होती. आपण चुकून वाकडा काटा सरळ म्हणून दिला, तर ज्या बाजारात दिला त्याच बाजारात जाऊन मोठ्यानं सांगायचं. ज्ञानोबांनी एकदा ते करून दाखवलं होतं. ज्वारीच्या एका व्यापाऱ्याच्या दारात ते दुपारभर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला "ह्या काट्यात माझी चूक हाय" असं सांगत राहिले. तेव्हा शाळेत असलेल्या प्रेमानंदांना लाजेनं मान वर करवेना. आपल्यावर ही पाळी कधी येणार नाही, असं त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. पाळी आली, आणि तीही फोनमधून आली.

त्याचं असं झालं. हायवेवर हिंमतरावांचा धाबा आहे. ट्रकवाले जेवून बाजेवर पडले की फोनवर जुगार खेळायचे. कुणी पत्ते, कुणी ते गरगर फिरणारं चाक. ड्रायव्हरांचं बघून बाजारातले लोकही शिकले. रोज एखादा बोंब मारत यायचा की जिंकलो पण पैसे देईनात. शेवटी हिंमतरावांनीच मिस्तरींना चहा पाजून विषय काढला.

"मिस्तरी, हे लोक खेळायचं काय सोडत न्हाईत. निदान ह्यातला सरळ कुठला, तेवढं तरी सांगा."

दुसरा कुणी असता तर हसून उठला असता. मिस्तरींनी मनावर घेतलं. तरुणपणी त्यांना पत्त्यांचा नाद होता, चहाच्या पैजेवर रमीचे डाव रंगायचे, त्यामुळं खेळाचं त्यांना वावडं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आपल्याला कुणी फोनमधलं काही विचारतंय, याचं त्यांना अप्रूप वाटलं. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून माणूस जरा मागं पडल्यासारखा झाला होता.

दीड महिना त्यांनी तेच केलं. एक वही केली. फोनवर चालणारे अकरा कॅसिनो तिच्यात लिहिले आणि एकेक खोडत गेले. ज्याचा पत्ताच सापडेना, तो खोडला. ज्याला प्रश्न विचारला की नुसती फुलं आणि हात जोडलेली चित्रं पाठवायचा, तो खोडला. एकानं पहिल्याच दिवशी फुकट बोनस दिला. मिस्तरींनी त्याच्या अटी फोनलाच मराठीत करायला लावून वाचल्या. बोनस तीस वेळा खेळून झाल्याशिवाय स्वतःचेसुद्धा पैसे काढता येणार नव्हते.

"ही तर पारड्याखाली चिंच चिकटवल्याली हाय," ते बायकोला म्हणाले आणि त्यावरही काट मारली.

शेवटी एकच उरला. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण आता दुसऱ्याच नावानं तो कुठंतरी दुकान मांडून बसला असेल, त्याची फुकट जाहिरात कशाला? कुठल्याशा बेटावरच्या सरकारचा परवाना होता, त्यावर नंबर होता. मिस्तरींनी दोनशे रुपये टाकले, थोडं खेळले, परत मागितले. पाव तासात बँकेत आले. आठवड्यानं पुन्हा टाकले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा जिंकून मागितले, तेही आले.

मालनबाई भाकरी थापता थापता हे सगळं बघत होत्या. चाळीस वर्षं तराजूच्या घरात काढलेली बाई.

"अवो, रिकामा बघितला, पारडी बदलून बघितली. भरल्याला कुठं बघितला तुमी?"

"भरल्याला बघायचा तर चाळीस-पन्नास हजार टाकावं लागतील. कुठनं आणू?"

"मग सरळ हाय म्हणू नका."

"तीनदा पैसे आले की गं परत!"

"बरं," म्हणून मालनबाईंनी भाकरी उलटली. त्यांचं 'बरं' म्हणजे काय असतं ते मिस्तरींना चांगलं ठाऊक होतं. तरी पुढच्या बाजारात, भर गर्दीत, हिंमतरावांनी "काय ठरलं मिस्तरी?" असं विचारल्यावर वीस-पंचवीस तोंडं आपल्याकडं वळलेली बघून त्यांना राहवलं नाही.

"सरळ हाय," ते म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले.

चार महिने गेले. एका बाजारच्या सकाळी मिस्तरी पेटी उघडत होते, तेवढ्यात समोर शिवम्मा येऊन उभी राहिली. शिवम्मा कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या गावातून मेथी-चुका घेऊन येते. कायम गोणपाटावर बसून ओरडणारी बाई, आज मात्र आवाज खाली होता. तिच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात रुमालाची गाठ.

"अण्णा, जरा बघा की. तुमी सरळ हाय म्हनला म्हणून म्या टाकत गेले. लई झालेत आता. काढाया गेले तर म्हणतेत आधी कर भरा, बारा हजार. मग सगळे देतेत. सोनाराकडं निघाले हुते. म्हनलं आधी अण्णाला इचारावं."

रुमालात बोरमाळ होती. तिच्या आईची.

मिस्तरींनी चष्मा लावला. पडद्यावर मोठी रक्कम हिरव्या अक्षरात चमकत होती. त्यातली निम्मी तिनं भाजी विकून टाकलेली, बाकीची जिंकलेली. खाली लिहिलं होतं की कर आधी जमा करावा, मुदत संध्याकाळपर्यंत.

"कर घ्यायचाय तर ह्याच पैशातनं कापून घ्या की, उरलेले द्या," असं त्यांनी तिच्या फोनमध्ये बोलून कॅसिनोवाल्यांना लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं: तसं करता येत नाही, कर वेगळाच भरावा लागतो. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं, वर हात जोडलेलं चित्र.

आता मिस्तरींनी स्वतःचा फोन काढला. त्यांच्या कॅसिनोच्या खात्यात अजून दोनशे रुपये होते. ते मागितले आणि पेटीवर बसून राहिले. शिवम्मा उभीच. समोरून कोथिंबिरीची गाडी गेली, दोघांनाही बाजूला व्हायचं भान राहिलं नाही. पाव तासाच्या आत फोन वाजला. दोनशे रुपये आले होते, अगदी सरळ.

पैसे अडकले असते तर मिस्तरींना एक वेळ बरं वाटलं असतं. दांडी पेलणारी धार झिजलेला तराजू त्यांनी हजार वेळा हातात घेतला होता. अर्ध्या किलोला तो अगदी शहाण्यासारखा मधोमध उभा राहतो आणि पाच किलो घातले की खोटं बोलतो. शिकाऊ माणूससुद्धा अर्धा किलो घालून काटा पास करत नाही. प्रेमानंद मिस्तरींनी केला होता.

"भरू नको," ते म्हणाले.

"मग माझे अडकल्याले?"

"ते येतील असं वाटत न्हाय. बारा भरलेस तर ते बी जातील, मग आनखी मागतील. काटा वाकडा हाय शिवम्मा. म्या भरल्याला बघितलाच न्हवता."

शिवम्मानं आपला फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"अय्यो, मग सरळ हाय कसं म्हनलात तुमी?"

मिस्तरींनी तिच्या हातातल्या रुमालाची गाठ सोडली. "बोरमाळ गळ्यात घाल आदी," एवढंच म्हणाले. तिनं घातली, पण त्यांच्याकडं न बघता. तिथूनच त्यांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी नंबरला फोन लावला, हकिगत सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं तिला घेऊन धाराशिवला सायबर पोलिसांकडं गेले. तिथल्या साहेबांनी तक्रार नीट लिहून घेतली, नंबर दिला, आणि पैसे परत येण्याची खात्री मात्र दिली नाही. येताना दोघं शेजारी बसले होते. नळदुर्गला उतरताच शिवम्मा मागं न बघता आपल्या गावाच्या गाडीकडं गेली.

त्या आठवड्यात मिस्तरींनी एकही तराजू उघडला नाही. पुढच्या बाजारच्या सकाळी लुना काढताना मालनबाई पदर खोचून बाहेर आल्या.

"म्या बी येते."

"कशाला? तुला का लाज?"

"तुमच्या आईनं बी मामंजींसोबत जायला पाहिजे हुतं तवा," म्हणून त्या मागं बसल्या.

हिंमतरावांना कुणकुण लागली होती. ते बाजाराच्या तोंडाशीच आडवे आले. "मिस्तरी, कशाला बोभाटा करताव? धंदा बसंल तुमचा. ज्याला त्याला हळूच सांगा की."

"सरळ हाय, हे काय हळू म्हनलो हुतो का म्या?" मिस्तरी म्हणाले आणि पुढं गेले.

भाजीच्या पहिल्या ओळीपाशी ते उभे राहिले. पन्नास वर्षांपूर्वीची ती ज्वारीच्या दुकानासमोरची दुपार आठवली आणि बाप किती मोठा होता ते आज कळलं.

"ऐका! फोनवरचा जुगार म्या सरळ हाय म्हणून सांगितला हुता. ती माझी चूक हाय. म्या नुसता अर्ध्या किलोवर बघितला. भारी पैशाला तो देत न्हाय. ज्याचे त्यात असतील त्यानं आत्ताच काढून घ्या, आन कर भरा म्हणला तर एक रुपाया भरू नका!"

भाजीची ओळ झाली, मग मिरचीची, मग कापडाची, मग शेळ्यांचा बाजार. प्रत्येक ठिकाणी तेच, तितक्याच मोठ्यानं. काहीजण हसले. एक ड्रायव्हर आईबहिणीवरून बोलला. मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि त्याचे पैसे निघतात का बघायला त्याचा फोन मागून घेतला. ज्यांचे थोडे होते त्यांचे निघाले. तिघांचे भारी होते, ते अडकले; त्यांना मालनबाईंनी १९३० लावून दिला. संध्याकाळी मिस्तरींचा आवाज पार बसला होता. पेटी दिवसभर बंदच राहिली.

हिंमतराव बोलले ते खरं झालं. पुढचे कितीतरी बाजार पेटीपाशी कुणी फिरकलं नाही. मापावरून भांडण झालं तर लोक आपसात मिटवायचे, तराजू दुरुस्तीला सोलापूरला पाठवायचे. मिस्तरी तरी दर बाजारी यायचे, पेटी उघडून वजनं पुसून ओळीनं मांडायचे आणि दिवस मावळायच्या आत भरून परत न्यायचे. पुढच्या वर्षी सरकारनं कायदा करून पैशांचे असले खेळच बंद केले. तेव्हा हिंमतराव पेपर घेऊन आले. "बघा, मिस्तरी, तुमचंच खरं झालं!"

"माझं कुठलं? म्या तर सरळ म्हनलो हुतो," मिस्तरी म्हणाले. आणि कायद्यानंतरही चोरून फिरणाऱ्या लिंका कुणी दाखवल्या, तर ते चष्मासुद्धा लावत नसत. "ज्याला तपासणारा साहेब डोळ्यानं दिसत न्हाय, तो काटाच न्हवं," म्हणायचे.

दिवाळी झाल्यानंतरच्या एका बाजारी शिवम्मा आली. पैसे अजून मिळाले नव्हते. तिच्या हातात तिचा तराजू होता, साखळ्या गुंडाळलेला.

"बघा जरा," म्हणाली.

मिस्तरींनी दांडी टांगली. रिकामी बघितली, ठीक होती. मग हात जवळच पडलेल्या अर्ध्या किलोच्या वजनाकडं गेला. शिवम्मानं त्यांचं मनगट धरलं. वाकून तिनं पेटीजवळचं पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतःच पारड्यात ठेवलं.

"आधी हे."

मिस्तरींनी दुसरं पाच किलोचं वजन समोरच्या पारड्यात ठेवलं. दांडी हलली आणि डावीकडं झुकून थांबली. त्यांनी पारडी बदलली, वजनं बदलली. तरी डावीकडंच.

आजूबाजूचे चार लोक मान लांब करून बघत होते. कित्येक महिन्यांनी पहिला तराजू आला होता, आणि तोही हिचा.

"सरळ न्हाय," मिस्तरी म्हणाले.

शिवम्मानं मान हलवली. गळ्यातली बोरमाळ नीट केली, गोणपाट पसरलं आणि पेटीशेजारीच बसली.

"मग करा सरळ. म्या बसते हितंच."