गॉर्बल्समधली गल्ली

आत्माराम सरांनी कराडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं ते फळ्यावर पुस्तक न उघडता काढत. शाळेच्या भिंतीवर ग्लासगो शहराचा एक जुनाट नकाशा होता. त्यातली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ. एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, सर, तुम्ही तिकडे गेला होतात का? सरांच्या तोंडून "हो" निघून गेलं. तेवढ्यावर थांबते तर निभलं असतं, पण थापेला पाय फुटले. एकाहत्तर साली, लग्नाआधी, शिक्षकांच्या तुकडीबरोबर, महिनाभर, गॉर्बल्स भागात मुक्काम! मुलगा वेदांग हे ऐकतच मोठा झाला.

दोन हजार सहा साली सर जर्मनीत इंगोलश्टाटला वेदांगकडे आले. आठवड्याभरातच त्यानं ऑफिसातल्या कॅलमला जेवायला बोलावलं. कॅलम मूळचा ग्लासगोचा. माझे बाबा तुझं शहर तुझ्याहून जास्त ओळखतात, असं वेदांगनं त्याला आधीच सांगून ठेवलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सरांना कळत होतं. पण कॅलमनं विचारलं आणि मास्तरकी जागी झाली. कोणती गल्ली, कोपऱ्यावरचं चर्च, तिथून नदी किती लांब, सगळं सांगितलं. कॅलमचे डोळे पाणावले. तो त्याच गल्लीत जन्मला होता. हे कधीचं, असं त्यानं विचारलं. सर म्हणाले, एकाहत्तर.

ती गल्ली सदुसष्टलाच पाडली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, असं कॅलम हळूच म्हणाला. सालात काही गफलत होत असेल, असंही त्यानं सभ्यपणे जोडलं.

"बाबांच्या तारखा कधीच चुकत नाहीत," वेदांग अभिमानानं म्हणाला.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचं घर पाडलं, त्याच्यापुढेच आपण ते पाहिल्याची फुशारकी मारत बसलो होतो. ते वेदांगकडे वळून मराठीत म्हणाले, "मी तिथं कधी गेलोच नाही रे. नकाशा होता भिंतीवर, तेवढाच."

वेदांग कॅलमकडे वळून हसला. बाबांचंच चुकलं, ते पासष्टला गेले होते, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. कॅलम खुलला. वेदांग बोलतच राहिला. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे, खोली तिसऱ्या मजल्यावर, घरमालकीण रोज बटाटे करपवायची. हे सगळं तो जागच्या जागी रचत होता आणि कुठंही अडखळत नव्हता.

सर मान खाली घालून ऐकत होते. पोरानं आपल्याकडून नेमकं काय उचललं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.