दारामागच्या किल्ल्या

गल्लीत बातमी पसरली ती अशी: मिनिटबाईने म्हणे भर सभेत नगरसेवकाच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा हिसकावला आणि खिडकीतून खाली भिरकावला. इस्त्रीवाल्याने तर तो कुणाच्या डोक्यात पडला आणि टाके किती पडले, हेही सांगून टाकलं. दूधवाल्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा तीन टाक्यांचे सात झाले होते.

सगळं झूट. एक तर त्या सभागृहाच्या खिडक्या नऊ वर्षं उघडलेल्याच नाहीत. रंग लावताना चिकटल्या त्या चिकटल्या. आणि मिनिटबाईने त्या किल्ल्यांना बोटसुद्धा लावलं नाही. तिने त्या फक्त लिहिल्या. हिसकावून फेकल्या असत्या तर परवडलं असतं, असं नंतर ज्याच्या किल्ल्या त्यालाच वाटलं असेल.

मिनिटबाई म्हणजे चौथ्या मजल्यावरची. नगरपालिकेच्या सभेत कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं, कुणी हात वर केला, ते सगळं लिहून ठेवायचं, म्हणजे इतिवृत्त लिहायचं, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. प्रत्येक ओळीपुढे वेळ. ही खोड घरापर्यंत आलेली. जिन्यात कुणी सहज विचारावं, "काय, कुठे निघालात?" तर उत्तर यायचं, "भाजीला. सहा वाजून चार." लग्न केलं नाही. का नाही, याबद्दल गल्लीत तीन मतं आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच.

भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करतो. बाजाराच्या मागे नगरपालिकेच्या जागेवर पत्र्याचे अकरा गाळे आहेत. एकात घड्याळं, एकात छत्र्या, एकात मिक्सर, एकात कुलपं. जे जे घरात बिघडतं ते तिथे जातं आणि बहुतेक वेळा चालू होऊन परत येतं. भावाचा गाळा कडेचा. यंत्रं उचलून उचलून त्याचे गुडघे गेलेत, चार जिने चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबतो आणि दर थांब्यावर इमारत बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतो.

आता तो किल्ल्यावाला. हा मूळचा दलाल. घरं दाखवायची, जागा दाखवायची, विकून द्यायच्या. विकायला काढलेल्या घरांच्या चाळीस-एक किल्ल्या एका कड्यात अडकवून कमरेला, म्हणून सगळा गाव त्याला जुडगा म्हणतो. तोंडावर अर्थात साहेब. माणूस यायच्या आधी आवाज येतो. तीन वर्षांपूर्वी तो निवडणुकीला उभा राहिला. घरोघर हात जोडत फिरला आणि प्रत्येक घरात शिरताना एकदा छताकडे नि एकदा खिडकीकडे बघून गेला. सवय, दुसरं काय. "सगळा कारभार उघड्यावर आणतो," म्हणाला. निवडून आला. दुकानाची पाटी उतरवली आणि तीच पाटी मेहुण्याच्या नावाने परत चढवली. रंगसुद्धा बदलला नाही मेल्याने.

निवडून आल्यावर पहिलाच ठराव त्याने मांडला तो असा, की इतिवृत्तात यापुढे काहीही गाळायचं नाही. सभागृहात ऐकू येईल तो शब्दन् शब्द, खोकला, हशा, फोनची घंटी, सगळा आवाज लिहायचा. टाळ्या पडल्या. टाळ्याही लिहिल्या गेल्या. आधीच्या लोकांनी इतकं काही गिळलं होतं की सगळ्यांना वाटलं, चला, एक तरी शहाणा आला. मिनिटबाईलाही वाटलं. ती त्या दिवशी घरी आली आणि भावाला म्हणाली, "माणूस बरा दिसतो." हे वाक्य तिला नंतर फार महाग पडलं, कारण भाऊ ते विसरायलाच तयार नव्हता.

नियम असा आहे, की ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा फायदा गुंतलाय, त्या विषयाच्या वेळी त्याने तसं सांगायचं, उठायचं आणि दाराबाहेर जायचं. मत द्यायचं नाही, बोलायचं नाही. जुडगा हे अगदी झोकात करायचा. उभा राहायचा, छातीवर हात ठेवायचा, "माझा यात हितसंबंध आहे, मी बाहेर जातो," आणि चालू पडायचा. इतक्या विषयांत त्याचा हितसंबंध निघायचा की माणूस सभागृहात कमी आणि बाहेरच्या पाण्याच्या पिंपापाशी जास्त दिसायचा. शिपाई म्हणायचा, "साहेबांची खुर्ची इकडेच आणून ठेवू का?"

मिनिटबाई लिहायची: बाहेर गेले, चार वाजून दोन. आत आले, चार वाजून अकरा.

आणि मधल्या नऊ मिनिटांत दारामागे किल्ल्या वाजायच्या.

पहिल्यांदा तिला वाटलं, चाळा असेल. दुसऱ्यांदा शाळेमागच्या रिकाम्या जागेचा विषय होता. दारामागे एकदा खळ्ळकन आवाज झाला आणि त्याच्या बाजूच्या सातही जणांचे हात वर गेले. तिसऱ्यांदा दवाखान्याच्या आवाराची भिंत मागे घ्यायचा विषय. खळ्ळ, आणि हात वर. मग कुणीतरी दुरुस्ती सुचवली, की भिंतीपलीकडची झाडं तरी ठेवा. खळ्ळ, खळ्ळ. दोनदा. सातही हात टेबलावर. चौथ्यांदा तिने नुसतं ऐकलं नाही, मान वर करून सातही चेहरे बघितले. कान दाराकडे, डोळे छताकडे, पंगतीत बसल्यासारखे वाट बघत.

तिने तेव्हाही लिहिलं नाही. हे तिने स्वतः भावाला सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज चिरका झाला. "किल्ल्यांचं काय लिहायचं, असं वाटलं मला. सव्वीस वर्षं झाली, आणि मला वाटलं, किल्ल्यांचं काय लिहायचं!" शाळेची जागा गेली. दवाखान्याची झाडं गेली. ती दोन पानं तिच्या अक्षरात होती, नीटनेटकी, वेळेसकट, आणि धादांत खोटी.

मग आला बाजारामागच्या जागेचा विषय. अकरा गाळे पाडायचे आणि जागा एका कंपनीला मोठ्या इमारतीसाठी द्यायची. त्या इमारतीतली दुकानं विकायचं काम कुणाकडे? मेहुण्याच्या पाटीकडे.

मिनिटबाईने सभेच्या आधीच अध्यक्षांना लेखी कळवलं: माझ्या भावाचा तिथे गाळा आहे, या विषयाला दुसऱ्या कुणाला बसवा. अध्यक्षांनी चिठ्ठी वाचून दाखवली. तेव्हा मोठ्या मनाने हात हलवला तो जुडग्यानेच. "बसू द्या हो बाईंना. त्यांचा कसला हितसंबंध? त्या फक्त लिहितात."

त्या फक्त लिहितात. मिनिटबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चिठ्ठी लिहिली, चिठ्ठीवरचं त्याचं वाक्यही लिहिलं, वेळ टाकली.

जुडगा उठला, छातीवर हात, दाराबाहेर. एका सदस्याने दुरुस्ती मांडली, की निदान अकरा गाळेवाल्यांना नव्या इमारतीत जागा द्या. दारामागे खळ्ळ, खळ्ळ. सात हात टेबलावर, दुरुस्ती पडली. मग मूळ ठराव. खळ्ळ. सात हात वर, पाच खाली. ठराव मंजूर. जुडगा आत आला, रुमालाने तोंड पुसत, जणू बाहेर दगड फोडत होता.

मिनिटबाईने लिहिलं होतं: "चार वाजून सतरा. दारामागे किल्ल्या दोनदा वाजल्या. सात सदस्यांनी हात वर केले नाहीत. चार वाजून एकवीस. दारामागे किल्ल्या एकदा वाजल्या. त्याच सात सदस्यांनी हात वर केले." पेन इतकं दाबलं होतं की खालच्या तीन पानांवर तीच ओळ उमटली.

मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत मोठ्याने वाचायचं आणि "बरोबर आहे" असं सगळ्यांनी म्हणायचं, ही तिथली रीत. त्याआधी ते सदस्यांना घरपोच मिळतं. शनिवारी मिळालं. रविवारी सकाळी जिन्यात किल्ल्या वाजल्या.

चार जिने चढून आलेला जुडगा धापा टाकत खुर्चीत बसला. आधी छत बघितलं, मग खिडकी. "हवा छान येते हो तुमच्याकडे. पण भाऊंच्या गुडघ्यांना हे जिने..."

"तुम्हाला बोलायचंय ते बोला," मिनिटबाई म्हणाली.

बोलायचं ते असं होतं. दोन ओळी काढायच्या, बस. त्या बदल्यात भाऊंना नव्या इमारतीत तळमजल्यावर दुकान, आणि दोघांना राहायला पहिल्या मजल्यावरचं घर, लिफ्ट असलेलं. त्याने जुडग्यातून एक किल्ली सोडवून टेबलावर ठेवलीसुद्धा. नमुन्याचं घर आहे, म्हणाला, जाऊन बघून या.

"आणि बाकीचे दहा गाळे?" तिने विचारलं.

"ते बघू की."

"कोण बघणार?"

"बाई, किती वर्षं राहिली तुमची? दोन? कशाला उगीच." तो हसत हसत उठला. किल्ली तिथेच ठेवून खाली उतरला.

भाऊ किल्लीकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, दोनच ओळी तर आहेत."

"तू पण?"

"मी काय म्हणतो, आवाजाला पुरावा काय? उद्या ते म्हणतील, बाईंच्या कानात वाजतंय. तुझी नोकरी जाईल आणि माझा गाळा जायचा तो जाईलच. गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत."

"गुडघे तुझे, अक्षर माझं!" ती इतक्या जोरात ओरडली की तिसऱ्या मजल्यावर कढईतला झारा थांबला. "दोनदा त्याच्यासाठी खोटं लिहून बसलेय मी. तेव्हा निदान खात्री नव्हती. छत्रीवाल्याला काय तोंड दाखवशील तू? त्याच्या शेजारी बसून चहा पितोस ना रोज?"

छत्रीवाल्याचं नाव भावाला लागलं. मग उठला, किल्ली उचलली आणि म्हणाला, "माणूस बरा दिसतो, असं कोण म्हणालं होतं?" तिने उशी फेकली. तो उतरला, चारही जिने न थांबता, किल्ली मेहुण्याच्या दुकानात टाकून परत आला, आणि चढताना मात्र सगळ्या थांब्यांवर थांबला.

पुढच्या सभेला मागच्या बाकांवर अकराही गाळेवाले आले होते. गिऱ्हाइकंही होती. त्यांत एक शिंपीणबाई होती, औषधवाल्या नगरसेवकाची बायको. तिचं यंत्र भावाकडे दुरुस्तीला पडलेलं, आणि गाळा गेला तर तिचं काम अडणार होतं. औषधवाला हा त्या सातांतला एक.

मिनिटबाई उभी राहून वाचू लागली. एरवी या वाचनाला अर्धे सदस्य डुलक्या घेतात. पण "दारामागे किल्ल्या दोनदा वाजल्या" असं आलं आणि मागच्या बाकावरून छत्रीवाला खो खो हसला. मग सगळेच हसले. मिनिटबाईने थांबून वहीत लिहिलं: हशा.

जुडगा ताडकन उठला. कमरेची सगळी घरं खणखणली. "हे काय आहे? काढा हे! किल्ल्या म्हणे! सभेचं कामकाज आहे का किल्ल्या?"

"तुमचाच ठराव आहे, साहेब. ऐकू येईल तो आवाज लिहायचा."

"तुमचा भाऊ तिथे बसतो म्हणून लिहिलंत! हा तुमचा हितसंबंध आहे, बाई, हितसंबंध!"

"आहेच. पहिल्या पानावर माझ्याच हाताने लिहिलाय. माझा मी लिहिला, तुमचा तुम्ही वाजवलात."

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे विचारलं, इतिवृत्त बरोबर आहे का? सातजण एकमेकांकडे बघू लागले. औषधवाल्याने चुकून मागे बघितलं. त्याची बायको हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होती. ज्यांचं लग्न झालंय त्यांना पुढचं सांगायला नको.

"बरोबर आहे," औषधवाला पुटपुटला. मग जरा मोठ्याने, "किल्ल्या वाजल्या म्हणूनच मी हात वर केला होता."

मग काय व्हायचं ते झालं. आधीचं मतदान रद्द. जुडग्याला पाण्याच्या पिंपापाशी नाही, थेट खाली रस्त्यावर पाठवलं, आणि किल्ल्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवून घेतल्या. पुन्हा हात मोजले. या वेळी औषधवाल्याचा हात खाली. सहा विरुद्ध सहा. बहुमत नाही, ठराव पडला. गाळे राहिले.

पण जुडगा नगरसेवक राहिलाच. शाळेची जागा परत आली नाही, झाडं परत आली नाहीत, मेहुण्याची पाटी जागच्या जागी आहे. आणि पंधरा दिवसांत मिनिटबाईच्या हातात बदलीचा कागद पडला: तळघरातल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि भिंतीला ओल आहे. सव्वीस वर्षांचं सभेचं पेन तिने सोबत नेलं. रागाने ती आठवडाभर जिन्यात कुणाला वेळसुद्धा सांगत नव्हती.

मग एक दिवस तळघराच्या जिन्यावर किल्ल्या वाजल्या. जुडग्याला पुतण्याच्या मुलाचा दाखला हवा होता, की नुसती मजा बघायची होती, कोण जाणे. खिडकीत कोपर टेकून, दात काढत म्हणाला, "काय बाई, इथे काय लिहिता आता?"

मिनिटबाईने पेनाचं टोपण काढलं, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "तेच, साहेब. काय झालं आणि किती वाजता. तुमचीही नोंद इथेच व्हायची आहे. मला घाई नाही."