प्रजेला कळलंय

सत्तरच्या दशकात मी बदलीवर कलकत्त्यात होतो. जवळच्या बजबज गावाकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एका ज्यूट मिलमधले कारकून रोज भेटायचे. मिलच्या दुर्गापूजेच्या नाटकात ते दरवर्षी दूत व्हायचे. वाक्य एकच: "महाराज, शत्रू वेशीपाशी आला!" वर्षभर गाडीत तेच घोटायचे, कधी धापा टाकत, कधी कापऱ्या आवाजात.

"एका वाक्याला एवढी तालीम?" मी विचारलं.

"वाक्य जुनंच आहे, दादा. बातमी ताजी वाटायला नको?"

त्या पूजेला आमचा अख्खा डबा नाटकाला गेला. ते धावत रंगमंचावर आले, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच आम्ही सगळे ओरडलो, "महाराज, शत्रू वेशीपाशी आला!"

त्यांनी एकदा आमच्याकडे वळून पाहिलं. मग धापा टाकत, लवून म्हणाले, "महाराज, प्रजेलाही कळलंय. आता तरी उठा!"

या वाक्याची तालीम मात्र आम्ही कधी ऐकली नव्हती.